गाडीखालचे गंजके बोल्ट काढून स्टेनलेसचे लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीखालचे सगळेच बोल्ट गंजलेत, सरसकट स्टेनलेसचे टाकून मोकळं व्हावं का?

नाही. आणि हे मी सांगतोय, ज्याच्याकडे स्टेनलेस बोल्टचे डबेच्या डबे भरलेत. गाडीखाली दोन जातीचे बोल्ट असतात. एक जात प्लास्टिकचं कव्हर, पातळ पत्रा, एखादं ब्रॅकेट असलं काहीतरी नुसतं धरून ठेवते, तो पडला तर खडखड आवाज येतो, फार तर कव्हर लोंबकळून रस्त्याला घासतं. दुसरी जात सस्पेन्शन, सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट), स्टीअरिंग, ब्रेक धरून ठेवते, आणि त्यातला एक गेला तर चाक कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. पहिल्या जातीला स्टेनलेस बिनधास्त लावा. दुसऱ्या जातीला कंपनीने दिलेल्याच ग्रेडचा, त्याच मापाचा, त्याच लांबीचा नवा बोल्ट, बस.

पण स्टेनलेस तर साध्या लोखंडापेक्षा मजबूत असतं ना?

इथेच सगळे फसतात. गंजत नाही म्हणजे दणकट असणार असं आपण धरूनच चालतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं लिहिलेलं असतं ते नीट वाचायला शिका, अवघड नाहीये. पहिल्या आकड्याला १०० ने गुणा, तेवढ्या मेगापास्कलला (ताण मोजायचं माप) बोल्ट तुटतो. टिंबानंतरचा आकडा सांगतो की त्याच्या दहापैकी किती हिश्श्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. म्हणजे ८.८ चा बोल्ट साधारण ८०० ला तुटतो आणि ६४० ला लांबायला लागतो, १०.९ चा १००० आणि ९००. आता नेहमीचा स्टेनलेस बोल्ट घ्या, डोक्यावर ए२-७० लिहिलेलं असतं, तो ७०० ला तुटतो आणि ४५० लाच लांबायला लागतो. म्हणजे लोअर आर्मचा १०.९ चा बोल्ट काढून तिथे चकचकीत ए२-७० टाकला तर तुम्ही लांबायला लागायची हद्द बरोब्बर निम्म्यावर आणलीत. ए४-८० ग्रेड मिळतो तो ८०० आणि ६०० वर जातो, पण तोही ८.८ ला पुरता पोचत नाही, १०.९ तर लांबच.

आणि "लांबला तर लांबला, तुटला तर नाही ना" असं म्हणू नका. बोल्ट म्हणजे खरं तर एक कडक स्प्रिंग आहे, आपण आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो, आणि सस्पेन्शनमधे बराचसा धक्का बोल्ट स्वतः खात नाही, त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं ते खातं. बोल्ट लांबला की दाब गेला, दाब गेला की भाग सरकायला लागले, मग बोल्ट प्रत्येक खड्ड्याला थोडा इकडे थोडा तिकडे वाकतो, आणि तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसा एक दिवस तुटतो.

मग एवढा खटाटोप करून स्टेनलेस लावायचंच कशाला?

पुढच्या वेळी उघडायला. मी चमकण्यासाठी लावत नाही, गाडीखाली बघायला कोण जातंय. ऑइल बदलायला खालचं कव्हर काढायचं असतं, त्याला १० मिलीमीटरच्या पान्याचे सहा-आठ बोल्ट असतात आणि त्यातले दोन हमखास जाम, एक तुटतो, मग पंधरा मिनिटांच्या कामाचा अख्खा दिवस होतो. तेच बोल्ट स्टेनलेसचे असले, आट्यांना ग्रीस लावलेलं असलं, की पाच वर्षांनी पण बोटाने सुटतात. जो बोल्ट वारंवार उघडावा लागतो आणि ज्याच्यावर जीव अवलंबून नाही, ती स्टेनलेसची जागा.

नक्की कुठे लावू आणि कुठे नको?

लावा: इंजिनखालचं कव्हर, चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिक लायनर, मडफ्लॅप, उष्णतेपासून वाचवणारे पातळ पत्रे, वायरिंगचे ब्रॅकेट, नंबरप्लेट, बंपरखालचे छोटे स्क्रू. हे बहुतेक एम६ (म्हणजे आट्यांची जाडी ६ मिलीमीटर) असतात, कधी एम८.

लावू नका: कंट्रोल आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड, सबफ्रेम, शॉकअॅब्सॉर्बर, ब्रेक कॅलिपर आणि त्याचं ब्रॅकेट, हब, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट, टोइंगचा हुक. आणि आत वर येऊन सांगतो, सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट. सीटबेल्टचा बोल्ट कार्पेटखाली ओल धरून गंजतो म्हणून लोक तोही बदलतात. नको. अपघाताच्या त्या क्षणी तोच एक बोल्ट तुम्हाला धरून ठेवणार असतो.

पेट्रोल टाकीचे पट्टे मधेच कुठेतरी येतात, काही जण तिथे स्टेनलेस लावतात, मी लावत नाही, भरलेल्या टाकीचं वजन बघा आणि ठरवा. ज्या बोल्टच्या ग्रेडबद्दल शंका आली तो दुसऱ्या यादीत टाकायचा, एवढं सोपं ठेवलंय मी.

३०४, ३१६, ए२, ए४ हे काय प्रकरण आहे? कुठला घेऊ?

ए२ म्हणजे ढोबळमानाने ३०४, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ए४ म्हणजे ३१६, त्यात वरून दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेलं असतं, आणि ते मिठाच्या पाण्यात जास्त टिकतं. गाडी समुद्राजवळ राहत असेल किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात अशा ठिकाणी फिरत असेल तर ए४ घ्या, नाहीतर ए२ पुरे. डोक्यावर ग्रेडच नाही आणि बनवणाऱ्याची खूणही नाही असा गुळगुळीत बोल्ट शोभेचा समजा.

चुंबक लावून बघितलं तर थोडा चिकटला, म्हणजे नकली?

तसं नाही. हे स्टेनलेस मूळचं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण बोल्टचं डोकं आणि आटे थंड धातू दाबूनच बनवतात आणि त्या दाबकामात ते थोडं चुंबकीय होतं. हलकेच ओढला तर चालतं. खटकन चिकटून बसला आणि ओढून काढावा लागला तर मात्र संशय घ्या.

स्टेनलेस कधीच गंजत नाही ना?

गंजतं, उशिरा. त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, ओरखडा पडला तरी हवा लागली की तो परत तयार होतो. पण जिथे हवा पोचत नाही आणि खारा चिखल साचून राहतो, म्हणजे नेमकं बोल्टच्या डोक्याखाली आणि वायसरच्या फटीत, तिथे तो थर परत बनत नाही आणि बारीक खड्डे पडायला लागतात. आणखी एक, ज्या तारेच्या ब्रशने साधं लोखंड घासलं त्यानेच स्टेनलेस घासू नका, लोखंडाचे कण त्यात रुततात आणि दुसऱ्या पावसात बोल्टवर तांबूस डाग दिसतात, मग लोक म्हणतात माल खोटा निघाला.

दोन वेगळे धातू एकत्र आले की गंज वाढतो म्हणतात, मग स्टेनलेसमुळे माझा पत्राच खाल्ला जाणार का?

हा प्रश्न बरोबर आहे पण त्याची भीती थोडी जास्तच पसरलीय. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेत आणि वरून खारं पाणी आहे, म्हणजे छोटी बॅटरीच झाली, त्यात ज्या धातूला गंजायची ओढ जास्त तो झिजतो. लोखंड आणि स्टेनलेसमधे झिजणार लोखंड. पण आकार बघा. बोल्ट एवढासा आणि चासी केवढी मोठी, त्यामुळे होणारी झीज मोठ्या भागावर पसरते आणि फारशी जाणवत नाही. उलटं असतं, म्हणजे मोठ्या स्टेनलेस पत्र्यात एक छोटा लोखंडी बोल्ट, तर त्या बोल्टचं काही खरं नाही, बघता बघता जाईल.

खरी अडचण अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियमच्या सबफ्रेमला किंवा गिअरबॉक्सच्या केसिंगला एखादं ब्रॅकेट लावलेलं असतं तिथे स्टेनलेस कोरडा घातला तर काही काळाने बोल्टभोवती पांढरी पूड जमते, ती आट्यांत फुगते, आणि मग बोल्ट काढताना अॅल्युमिनियमचे आटे स्प्रिंगसारखे त्याला गुंडाळून बाहेर येतात. मी स्वतः बघितलंय, बोल्टवर वेटोळं बसलेलं आणि भोक गुळगुळीत. तिथे आट्यांना निकेल असलेली अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट, डोक्याखाली नायलॉनचा वायसर, आणि सगळं झाल्यावर वरून मेण. तांब्याची पेस्ट अॅल्युमिनियममधे नको, तांब्याने अॅल्युमिनियम आणखी झिजतं.

एक बारीकसारीक गोष्ट जी बऱ्याच जणांना उलटी वाटते. रंग फक्त पत्र्याला देऊन बोल्ट उघडा ठेवू नका. पत्र्यावरच्या रंगाला कुठे टोचा पडला तर सगळी झीज त्या टोच्यावरच एकवटते आणि तिथे सरळ भोक पडतं. रंग, मेण जे काय लावायचं ते बोल्टच्या डोक्यावरही लावा.

स्टेनलेसचा नट स्टेनलेस बोल्टवर अर्ध्यात जाम झाला, ना पुढे ना मागे. काय चुकलं?

वेग चुकला. आणि आटे कोरडे होते. माझ्याकडे हे झालंय मडफ्लॅपच्या ब्रॅकेटवर, एम८ चा बोल्ट, नायलॉन रिंगवाला नट, दोन्ही स्टेनलेस, आणि मी हुशारी करून बॅटरीच्या इम्पॅक्ट गनने सर्रकन फिरवला. अर्ध्यावर आवाज बदलला, गन अडकली, हात लावला तर नट चटका बसेल इतका गरम. पाना लावून मागे फिरवायला गेलो तर जागचा हलेना, शेवटी ग्राइंडरने कापला. होतं असं की आटे एकमेकांवर जोरात घासले की तो वरचा पातळ थर खरवडला जातो आणि खालचा उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो, वेल्डिंग केल्यासारखा. नायलॉन रिंगवाल्या नटात आधीच घर्षण जास्त, त्यामुळे तिथे हे जास्त होतं.

उपाय साधे आहेत. गन नाही, हातपाना. आट्यांना आधी पेस्ट. आटे स्वच्छ, त्यात वाळूचा कण नको. नट ए४ चा आणि बोल्ट ए२ चा असा वेगळा ग्रेड ठेवला तरी फरक पडतो. आणि फिरवताना जड जायला लागला तर थांबा, थंड होऊ द्या, मागे घ्या, परत पेस्ट लावा. जोर लावला की संपलं.

जुना गंजका बोल्ट न तोडता काढायचा कसा?

घाई करायची नाही, हे पहिलं. आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे घासून घ्या आणि गंज सोडवणारं तेल मारा, आणि ते डोक्यावर नाही हं, आट्यांवर. लोक डोकं भिजवतात आणि म्हणतात तेलाने काही होत नाही. संध्याकाळी परत, सकाळी परत. मधे हातोडीने डोक्यावर चार-पाच नेमके ठोके द्या, ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत शिरतं. लोखंडापेक्षा त्याच्या गंजाला कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे आट्यांत तो पाचर मारल्यासारखा बसलेला असतो, तडा गेल्याशिवाय तेल जाणार कुठून.

मग सहा कोनांचा सॉकेट, बारा कोनांचा नको, तो कोपरे खातो. डोकं गंजून बारीक झालं असेल तर एक माप खालचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवा. आणि आधी सोडवू नका, आधी किंचित आवळा, अगदी चिमूटभर, गंजाची पकड तिथेच मोडते.

आता हाताकडे लक्ष द्या. बोल्ट सुटतो तेव्हा टक् असा एक झटका येतो, आणि मग किर्र किर्र करत फिरतो, ते चांगलं लक्षण. पण झटका न येता पाना मऊ मऊ फिरायला लागला, रबर पिळल्यासारखा, तर बोल्ट सुटत नाहीये, पिळतोय, आणखी पाव फेरा दिलात की डोकं हातात. तिथेच थांबा, मागे घ्या, तेल मारा. सुटला तरी एका दमात काढायचा नाही, पाव फेरा बाहेर, थोडा आत, परत बाहेर, आट्यांतून ती लालसर भुकटी तेलात कालवून बाहेर येऊ द्यायची. ती आतच राहिली तर अर्ध्यावर परत जाम.

गॅसने गरम केला तर?

गरम केल्यासारखं दुसरं काही नाही, पण गाडीखाली आजूबाजूला काय आहे ते आधी बघा. पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा पाइप, रबरी बुश, वायरिंग, आणि खालच्या पत्र्याला मारलेलं काळं कोटिंग, हे सगळं पेटतं. शक्यतो नट गरम करा, बोल्ट नाही, नट फुगला की सैल होतो. तापलेल्या भागावर तेलाचा फवारा मारू नका, भडकेल. आणि एक गोष्ट जी मजेवारी न्यायची नाही: ज्या ब्रेक क्लीनरमधे क्लोरीनवाली द्रव्यं असतात तो मारलेल्या जागेवर ज्योत किंवा वेल्डिंग नेलं तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. डबा वाचा, आणि तरी शंका असेल तर तिथे आग नकोच.

तुटलाच. आता?

होतं हो, सगळ्यांचं होतं. थोडं टोक बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा, वेल्डिंगची उष्णता आणि धरायला नवं डोकं, एका दगडात दोन पक्षी, बहुतेक वेळा निघतोच. टोक बाहेर नसेल तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या फिरणाऱ्या ड्रिलबिटने भोक पाडा, कधीकधी भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. तुटका बोल्ट काढायचा तो उलट्या आट्यांचा खिळा मात्र एम६ मधे जपून, तो इतका कडक असतो की आत तुटला तर साध्या ड्रिलने कापताच येत नाही, आणि मग तुम्ही होतात त्याहून वाईट जागी आलात. सगळं ड्रिल करून नवे आटे पाडायचे तर एम६ ला ५ मिलीमीटर, एम८ ला ६.८ मिलीमीटरचा ड्रिल.

कव्हरचे बोल्ट बऱ्याचदा पत्र्याच्या क्लिपनटमधे जातात आणि गंजून क्लिपच गोल गोल फिरते. तिच्याशी भांडू नका, कापा आणि नवी क्लिप लावा.

माप कसं ओळखू?

पान्याच्या मापावरून ओळखू नका. एम८ ला काही गाड्यांत १३ चा पाना लागतो, जपानी पद्धतीच्या गाड्यांत १२ चा. एम१० ला कुठे १७ किंवा १६, कुठे १४. दोन आट्यांमधलं अंतरही बदलतं, एम१० मधे १.५ मिलीमीटरवाला पण असतो आणि १.२५ वाला पण, आणि दोन्ही पहिले दीड-दोन फेरे एकमेकांत छान जातात, तिसऱ्याला अडकतात, तिथे जोर लावला की दोन्हीचे आटे गेले. जुना बोल्ट सोबत न्या आणि त्याच्या आट्यांवर नवा आडवा ठेवून बघा, दाताला दात बसला पाहिजे. बोटाने चार-पाच फेरे गेला नाही तर पाना लावायचाच नाही.

किती आवळू?

कंपनीच्या पुस्तकातला आकडा हा कंपनीच्या बोल्टसाठी आहे, कोरड्या किंवा त्यांच्या कोटिंगच्या आट्यांसाठी. पेस्ट लावली की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. ए२-७० ला पेस्ट लावून एम६ साठी साधारण ६-७ न्यूटनमीटर, एम८ साठी १५-१६, ही वरची हद्द समजा. प्लास्टिकच्या कव्हरला तर तेवढंही नको, छोटा रॅचेट डोक्याजवळ धरून तीन बोटांनी आवळा, रुंद वायसर टाका.

सैल होऊ नये म्हणून लॉकिंगचं लिक्विड लावू का?

लावा, पण पेस्ट आणि लॉकिंग लिक्विड दोन्ही नाही, एकच काहीतरी. आणि स्टेनलेसवर ते फार सावकाश वाळतं कारण त्याला वाळायला ज्या धातूची साथ लागते ती स्टेनलेस देत नाही, त्याचं अॅक्टिव्हेटर मारावं लागतं. नायलॉन रिंगचा नट सायलेन्सरच्या आसपास लावू नका, साधारण १२० अंशाच्या पुढे नायलॉन राम म्हणतं.

सायलेन्सरचे बोल्ट?

मागच्या बाजूच्या फ्लँजला आणि क्लॅम्पला स्टेनलेस चांगलं चालतं, पेस्ट भरपूर. इंजिनजवळच्या मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांच्या) स्टडला, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टला, नाही, स्टेनलेस गरम झाल्यावर साध्या लोखंडापेक्षा बरंच जास्त फुगतं, साधारण दीडपट धरा, रोज तापून निवून पकड सुटते. तिथे कंपनीचा स्टड आणि तांब्याचा मुलामा दिलेला नट.

सस्पेन्शनचे बोल्ट स्टेनलेस नाही तर मग गंजू द्यायचे?

नाही, तिथे त्याच ग्रेडचा नवा बोल्ट घ्या, त्यावर झिंक फ्लेकचं राखाडी कोटिंग असेल तर उत्तम. १०.९ किंवा १२.९ चा बोल्ट घरी अॅसिडमधे बुडवून गंज काढू नका आणि प्लेटिंगलाही कुठेही टाकू नका, त्यात धातूमधे हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट काचेसारखा ठिसूळ होतो, लावल्यावर एक-दोन दिवसांनी आपोआप तुटू शकतो. जे बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कला (पिळायच्या जोराला) आणि मग ठरलेले अंश फिरवून आवळतात ते बहुतेक एकदाच वापरायचे असतात, ते दरवेळी नवे. लावून झाल्यावर डोक्यावर आणि बाहेरच्या आट्यांवर मेणाचा किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणाचा) फवारा, दरवर्षी एकदा. नुसता वरवर तांबूस झालेला सस्पेन्शनचा बोल्ट काही बिघडलेला नसतो, पापुद्रे सुटायला लागले, कोपरे गोल झाले, दांडा बारीक दिसला, तेव्हा बदला.

गाडीखाली झोपताना?

जॅकवर विश्वास नाही. जॅकने उचला, स्टँडवर टेकवा, चाकांना अडण लावा, आणि आत जाण्याआधी गाडीला खांद्याने एक धक्का देऊन बघा. जाम बोल्ट ओढताना आपण पूर्ण ताकदीने गाडी हलवत असतो हे विसरायला होतं. डोळ्यांना चष्मा, गंजाचा पापुद्रा बरोबर डोळ्यातच पडतो.

काढलेले जुने बोल्ट टाकून देऊ?

सगळं काम संपेपर्यंत नाही. मी एका पुठ्ठ्यावर गाडीचा खालचा भाग वेडावाकडा काढतो आणि जिथला बोल्ट तिथे टोचून ठेवतो. लांबी सारखी दिसते पण नसते, पुढचे दोन बोल्ट पाच मिलीमीटरने लांब असतात, ते चुकून मागे लावले की टोक वरच्या पाइपला टेकतं.